ई-पासपोर्ट : सुरक्षा व जैवमितीय मानके

शासनाने दिलेला पासपोर्ट जगातल्या कोणत्याही सीमेवर वाचता यावा, त्यात केलेला फेरफार उघडकीस यावा आणि तो दाखवणारी व्यक्तीच त्याची खरी धारक आहे याची खात्री करता यावी, यासाठी ठरवलेले तांत्रिक नियम ‘दस्तऐवज ९३०३’ या नावाने ओळखले जातात. माँट्रियल येथे मुख्यालय असलेल्या आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने, म्हणजेच आयकाओने, त्याची पहिली आवृत्ती १९८० मध्ये प्रसिद्ध केली. ही संघटना स्वतः पासपोर्ट देत नाही आणि तपासतही नाही. ती दोन्ही कामे ज्या त्या देशाची आहेत.

पासपोर्टच्या पानाचे माप १२५ × ८८ मिलिमीटर ठरलेले आहे. कागदातील जलचिन्ह, सुरक्षा धागा, गुंतागुंतीची बारीक रेषाकृती, सूक्ष्म अक्षरे आणि पाहण्याचा कोन बदलताच रंग बदलणारी शाई ही नकलेविरुद्धची पहिली तटबंदी होय. यांतील एक युक्ती विशेष साधी आहे. बाजारातील बहुतेक पांढऱ्या कागदात चकाकी आणणारी रसायने असतात आणि ती अतिनील प्रकाशात निळसर उजळतात. पासपोर्टचा कागद मात्र अशा रसायनांविना बनवतात. त्यामुळे अतिनील दिव्याखाली अख्खे पान उजळले, तर अधिकाऱ्याला तेवढ्यावरूनच संशय येतो.

माहितीच्या पानाच्या तळाशी प्रत्येकी ४४ चिन्हांच्या दोन ओळी असतात. हाच यंत्रवाचनीय भाग. पहिल्या ओळीत दस्तऐवजाचा प्रकार आणि देशाचा संकेत यांना पाच जागा गेल्यावर नावासाठी ३९ जागा उरतात. भारतीय पासपोर्टात आडनाव वेगळे लिहून स्वतःचे नाव आणि वडिलांचे किंवा पतीचे नाव एकत्र देण्याची मराठी कुटुंबांतील रीत पाहता, लांब नावांना ही जागा अपुरी पडू शकते व नियमानुसार त्यांची काटछाट होते. शिवाय येथे फक्त रोमन लिपीची मोठी अक्षरे चालतात.

दुसऱ्या ओळीतील तपासणी अंक समजून घेण्याजोगे आहेत. जन्मतारीख १५ ऑगस्ट १९८५ असेल, तर ती ८५०८१५ अशी छापतात. या अंकांना क्रमाने ७, ३, १, ७, ३, १ यांनी गुणून बेरीज केली की १३५ येते. तिच्यातील एकक स्थानचा ५ हा तपासणी अंक, आणि तो तारखेपुढेच छापलेला असतो. यंत्राने पहिला ८ चुकून ३ वाचला, तर बेरीज १०० होते, अंक शून्य येतो आणि चूक तत्काळ पकडली जाते. मात्र हे सूत्र सर्वांना खुले असल्याने बनावट पासपोर्ट करणाराही अचूक अंक काढू शकतो. म्हणजे ही सोय वाचनातील चुकांसाठी आहे, लबाडीविरुद्ध तिचा उपयोग नाही.

लबाडीवर खरा उपाय पासपोर्टात बसवलेल्या, स्पर्शाविना जवळून वाचता येणाऱ्या इलेक्ट्रॉनिक चिपने आणला. अशी चिप असलेला पासपोर्ट म्हणजेच ई-पासपोर्ट. २००३ मध्ये आयकाओने चेहऱ्याची प्रतिमा ही सर्व देशांसाठी मुख्य जैवमितीय खूण, म्हणजे शरीरावरून ओळख पटवणारी खूण, मानली. बोटांचे ठसे आणि बुबुळ ऐच्छिक ठेवले. चिपमधील माहितीवर देणाऱ्या देशाची डिजिटल स्वाक्षरी असते. एक अक्षर जरी बदलले, तरी ती स्वाक्षरी जुळत नाही. पण ती पडताळायला त्या देशाचे मूळ प्रमाणपत्र, म्हणजे स्वाक्षरी त्याचीच आहे हे पटवणारी डिजिटल नोंद, तपासणाऱ्याजवळ हवे. अशा प्रमाणपत्रांच्या देवाणघेवाणीसाठी आयकाओने २००७ पासून सामायिक निर्देशिका चालवली आहे. प्रमाणपत्र नसेल, तर चिप वाचता येते, पण तिच्यातील मजकूर खरा की खोटा हे कळत नाही. संपूर्ण व्यवस्थेतील हा दुवा सर्वांत महत्त्वाचा असूनही त्याची चर्चा सर्वांत कमी होते.

स्वाक्षरीसह सगळी माहिती दुसऱ्या चिपवर उतरवली तर काय, या प्रश्नाचे उत्तर चिपमध्येच दडवलेली, बाहेर न वाचता येणारी गुप्त किल्ली देते. यंत्र चिपकडून दर वेळी नवे कोडे सोडवून घेते, आणि ही किल्ली नसलेल्या नकली चिपला ते सुटत नाही. पासपोर्ट न उघडता कोणी जवळून माहिती चोरू नये, म्हणून चिप उघडण्याची किल्ली छापील ओळींतील पासपोर्ट क्रमांक, जन्मतारीख व मुदतीची तारीख यांवरून तयार होते. या तिन्ही गोष्टींचा अंदाज बांधता येत असल्याने ही पद्धत दुबळी ठरली आणि पुढे ‘पेस’ ही अधिक भक्कम पद्धत आली. युरोपीय संघाच्या पासपोर्टांतील बोटांचे ठसे तर अधिकृत प्रमाणपत्र असलेल्या यंत्रालाच वाचता येतात.

यापुढचा धोका चिपच्या बाहेर, अर्जाच्या टप्प्यावर आहे. दोन व्यक्तींचे चेहरे संगणकावर मिसळून तयार केलेले छायाचित्र स्वीकारले गेले, तर अस्सल पासपोर्ट दोघांनाही वापरता येण्याची शक्यता निर्माण होते. म्हणून अर्जदाराने आणलेल्या छायाचित्रापेक्षा कार्यालयातच ते काढणे अधिक सुरक्षित; भारतातील पासपोर्ट सेवा केंद्रांत हीच पद्धत आहे.

भारताचे पासपोर्ट नाशिकरोड येथील भारत प्रतिभूती मुद्रणालयात छापले जातात. देशातील पहिला ई-पासपोर्ट २००८ मध्ये तत्कालीन राष्ट्रपती प्रतिभाताई पाटील यांना देण्यात आला, परंतु ती सोय त्या वेळी राजनैतिक व शासकीय पासपोर्टांपुरतीच होती. सर्वसामान्य नागरिकांसाठीचा प्रायोगिक टप्पा १ एप्रिल २०२४ रोजी सुरू झाला. नागपूर आणि गोवा येथील कार्यालये त्यात सुरुवातीच्या काळातच आली. नव्या पासपोर्टच्या मुखपृष्ठावर सोनेरी रंगात चिपचे चिन्ह असते. चिप नसलेले जुने पासपोर्ट मुदत संपेपर्यंत ग्राह्य आहेत.