वांगं अडलं, तेल आलं: जीएम लेबलची पार्श्वभूमी

जीएम अन्न, म्हणजे प्रयोगशाळेत जनुकं बदललेल्या पिकांचं अन्न, म्हटलं की आपल्याकडे आधी वांगं आठवतं, हल्ली मोहरीसुद्धा. या दोन्ही जीएम पिकांची आपल्या बाजारात अधिकृत विक्री कधी झालीच नाही. पोटात गेलं ते सरकीचं, म्हणजे कापसाच्या बियांचं तेल, आणि त्यावरून मात्र कुठे मोर्चा निघाल्याचं आठवत नाही.

26 मार्च 2002 रोजी जीएम पिकांना मान्यता देणाऱ्या केंद्राच्या समितीने बीटी कापसाला, म्हणजे अळीला मारणारं एका जिवाणूचं जनुक घातलेल्या कापसाला, परवानगी दिली. जालन्याची महिको आणि अमेरिकेची मोन्सॅन्टो यांचं हे बियाणं. चर्चा झाली ती बोंडअळी, बियाण्याचा भाव आणि कर्जबाजारी शेतकरी यांची. कापूस हे धाग्याचं पीक, त्यामुळे खाण्याचा प्रश्न कोणी फारसा काढला नाही. पण जिनिंगमधून निघालेली सरकी ऑइल मिलमध्ये जाते, तेल माणसांना आणि पेंड जनावरांना. काही वर्षांतच देशातला बहुतेक सगळा कापूस बीटी झाला.

अन्न जीएम असेल तर पाकिटावर तसं लेबल हवं, या मागणीचं मूळ युरोपात आहे. 1996 मध्ये ब्रिटनमध्ये सेन्सबरी आणि सेफवे या दुकानसाखळ्यांनी जीएम टोमॅटोची प्युरी विकायला ठेवली. डब्यावर तसं स्पष्ट छापलं होतं, किंमतही कमी होती, आणि लोकांनी ती आवडीने घेतली. त्याच वर्षी अमेरिकेतून जीएम सोयाबीन येऊ लागलं, तेही साध्या सोयाबीनमध्ये मिसळून. त्याच मार्चमध्ये ब्रिटिश सरकारने ‘मॅड काउ’ या गायींच्या मेंदूच्या रोगाचा धोका माणसांनाही असल्याचं कबूल केलं होतं, सरकारच्या शब्दावर भरवसा उरला नव्हता. 1999 पर्यंत वातावरण इतकं बिघडलं, की चांगली खपणारी प्युरीही फळ्यांवरून गेली. माझ्या मते या सगळ्या इतिहासातला हा सर्वांत बोलका प्रसंग आहे: सांगून विकलेलं चाललं, न सांगता मिसळलेलं डाचलं. 2003 च्या कायद्याने युरोपीय संघाने 0.9 टक्क्यांची मर्यादा घातली: अन्नघटकात जीएम अंश त्याहून जास्त असेल तर लेबल लावायचं. शुद्ध तेलात जनुकाचा अंश सापडत नसला तरी मूळ पीक जीएम असेल, तर लेबल हवंच.

आपल्याकडे ‘जीएम’ हा शब्द घरोघरी पोहोचला तो बीटी वांग्यामुळे. ऑक्टोबर 2009 मध्ये केंद्राच्या त्याच समितीने त्याला मान्यता दिली. मग पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी सात शहरांत जाहीर सुनावण्या घेतल्या, त्यांत नागपूरही होतं. 9 फेब्रुवारी 2010 रोजी त्यांनी स्थगिती जाहीर केली. ते बाजारात आलं असतं, तर मंडईतल्या सुट्या वांग्यावर लेबल चिकटवणार कुठे, हा प्रश्न होताच.

लेबलला विरोध करणाऱ्यांचं म्हणणं असं, की पदार्थ सुरक्षित ठरला असेल तर चिठ्ठी कशाला, उगाच भीती पसरते. भारतात हा मुद्दा तितकासा पटत नाही. 2002 पासून आपण पाकिटावर शाकाहाराचा हिरवा ठिपका पाहतो आहोत. मांसाहारी खूण असलेलं बिस्किट विषारी आहे, असं कोणी म्हणत नाही. ते कशापासून झालं एवढंच बघायचं असतं. उपवासाला काय चालतं, कांदा-लसूण आहे का, हे विचारणाऱ्या समाजाला ‘हे जीएम आहे का’ हा प्रश्न परका वाटण्याचं कारण नाही.

कायदा तसा कागदावर आहे. 2006 च्या अन्न सुरक्षा कायद्यात जीएम अन्नाची तरतूद आहे. 1 जानेवारी 2013 पासून वजनमापाच्या नियमांनुसार अशा पाकिटाच्या दर्शनी भागावर ‘जीएम’ छापणं बंधनकारक झालं. तशी अक्षरं असलेलं पाकीट निदान माझ्या तरी पाहण्यात नाही. 2018 मध्ये दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंटने बाजारातले 65 नमुने तपासले. 21 जीएम निघाले. त्यांतले बहुतेक आयात केलेले होते, देशी होतं ते सरकीचं तेल. अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या 2018 च्या मसुद्यात लेबलसाठी 5 टक्क्यांची मर्यादा होती, 2021 च्या मसुद्यात 1 टक्क्याची.

ग्राहक आणि शेतकरी यांची मतं इथे जुळतातच असं नाही. जून 2019 मध्ये शेतकरी संघटनेने अकोला जिल्ह्यातल्या अकोली जहांगीरला परवानगी नसलेलं तणनाशक-सहनशील कापूस बियाणं जाहीरपणे पेरलं. त्यांना तंत्रज्ञानाचं स्वातंत्र्य हवं होतं. 2021 मध्ये केंद्राने कोंबड्यांच्या खाद्यासाठी 12 लाख टन जीएम सोयापेंड आयात करायला मुभा दिली, तेव्हा मराठवाडा-विदर्भातले सोयाबीन उत्पादक चिडले. तो राग मुख्यतः पडलेल्या भावाचा होता.

जुलै 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या खंडपीठात जीएम मोहरीला केंद्राने दिलेल्या परवानगीवर दुमत झालं. पण आयात होणाऱ्या जीएम खाद्यतेलाला लेबलिंगच्या तरतुदी लागू करा, हे दोन्ही न्यायमूर्तींनी सांगितलं. तो आदेश पाळला गेला तरी पोहोचेल पाकिटापर्यंतच. फरसाणवाल्याच्या कढईतल्या तेलाला लेबल नसतं. सरकी पेंड खाणाऱ्या म्हशीच्या दुधाला तर युरोपातही ते लावावं लागत नाही.