नैतिक अलिप्तता

नैतिक अलिप्तता : दुसऱ्याचे नुकसान करताना स्वतःच्या मनाची टोचणी बंद ठेवण्याची प्रक्रिया; सामाजिक मानसशास्त्रातील एक संकल्पना. छळ वाईट, फसवणूक वाईट हे मनापासून मान्य असलेला माणूसच एखाद्या प्रसंगी तेच करतो आणि वर निवांत झोपतो. हे त्याला कसे जमते, याचे उत्तर ही संकल्पना देऊ पाहते. कॅनडात जन्मलेले आणि स्टॅनफर्ड विद्यापीठात शिकवणारे मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बंडुरा (१९२५–२०२१) यांनी ती मांडली. इंग्रजीत तिला मॉरल डिसएंगेजमेंट म्हणतात.

बंडुरा यांच्या मते माणसाची नीतिमूल्ये अष्टौप्रहर जागी नसतात. ती प्रसंगी जागी होतात आणि प्रसंगी त्यांना झोपवताही येते. त्यासाठीच्या आठ युक्त्या त्यांनी सांगितल्या. उदात्त हेतू पुढे करणे, कृत्याला गोंडस नाव देणे आणि त्याहून भयंकर गोष्टीशी तुलना करणे या तीन युक्त्या कृत्याचेच रूप पालटतात. वरिष्ठांकडे बोट दाखवले किंवा जबाबदारी दहा जणांत वाटून टाकली, की कर्ता नामानिराळा राहतो. परिणाम झालाच नाही असे मानणे ही सहावी युक्ती. उरलेल्या दोन पीडितावर उलटतात : तो माणूस म्हणण्याच्या लायकीचा नाही, किंवा त्यानेच हे ओढवून घेतले. वर्गीकरण पुस्तकी वाटले तरी वाक्ये ओळखीचीच आहेत : ‘वरून ऑर्डर होती’, ‘सगळेच खातात, मग मीच काय घोडं मारलंय?’, ‘एवढ्यानं काय बिघडतं?’

सबब नंतर सुचते, असा सर्वसाधारण समज आहे. जोनाथन हाइट या मानसशास्त्रज्ञाने २००१ मध्ये जवळपास असेच प्रतिपादन केले : बरे-वाईट ठरवणारा कौल अंतःप्रेरणेने क्षणात लागतो आणि कारणमीमांसा मागाहून जोडली जाते. पण ग्रेशम साइक्स आणि डेव्हिड मात्झा या अमेरिकी समाजशास्त्रज्ञांनी बालगुन्हेगारीविषयी १९५७ मध्येच दाखवले होते, की सबब बरेचदा कृत्याच्या आधीच तयार असते आणि तिच्यामुळेच कृत्याची वाट मोकळी होते. बंडुरा यांचे विवेचन याच धाग्याने पुढे जाते, आणि त्यांच्या सिद्धांतातला खरा अस्वस्थ करणारा भाग हाच आहे.

बंडुरा व सहकाऱ्यांचा १९७५ चा प्रयोग या दृष्टीने बोलका आहे. निर्णय घेणाऱ्या एका गटाने चूक केली की त्याला विजेचा धक्का द्यायचा आणि धक्क्याची तीव्रता एक ते दहा यांपैकी निवडायची, असे काम विद्यार्थ्यांना दिले होते. प्रत्यक्षात धक्का कोणालाच बसत नव्हता. सुरुवातीला प्रयोगशाळेतल्या संभाषणातले एक वाक्य त्यांच्या कानांवर ‘चुकून’ पडेल अशी व्यवस्था होती. काहींनी त्या गटाविषयी समंजस, समजूतदार असे शब्द ऐकले, तर काहींनी जनावरांसारखे, नासके असे. ज्यांना जनावर म्हटले गेले, त्यांना कितीतरी जास्त तीव्रतेचे धक्के दिले गेले. तीव्रता एकेकट्याने न ठरवता सर्वांची सरासरी लागू होणार असली, की हात आणखी सैल सुटत. त्या एका वाक्याखेरीज समोरच्यांविषयी त्यांना वेगळे काहीच कळलेले नव्हते.

प्रयोगशाळेबाहेरचा पुरावा अमेरिकेच्या दक्षिणेकडील तुरुंगांतून मिळाला. मायकेल ऑसॉफ्स्की, बंडुरा आणि फिलिप झिम्बार्डो यांनी २००५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात फाशीच्या कोठडीशी संबंधित कर्मचाऱ्यांची तुलना केली. प्रत्यक्ष मृत्युदंड अमलात आणणाऱ्यांत अलिप्तता सर्वाधिक आढळली; कैद्याला आणि त्याच्या गुन्ह्याला बळी पडलेल्यांच्या कुटुंबीयांना धीर देणाऱ्यांनी मात्र असली समर्थने नाकारली.

महाराष्ट्रात गर्भलिंगनिदानाच्या व्यवहारात आठांपैकी बहुतेक युक्त्या एकत्र सापडतात. १९८० च्या दशकात गर्भजल परीक्षणाच्या जाहिराती आताच्या थोड्या खर्चात पुढचा हुंड्याचा मोठा खर्च वाचेल असे सांगत. म्हणजे काटकसर हाच सद्गुण. ‘जन्माला येऊन तिचे हालच होणार’ हे म्हणणे तर करुणेच्याच भाषेत येते. गर्भपाताला ‘पिशवी साफ करणे’ म्हटले जाते आणि निदान पेढा-बर्फीच्या खुणेने कळवले जाते, त्यामुळे उच्चारायला नको असलेला शब्द कोणालाच उच्चारावा लागत नाही. तपासणी एकीकडे, गर्भपात दुसरीकडे, मध्ये एजंट. डॉक्टर म्हणतो घरच्यांचा आग्रह होता; नवरा म्हणतो आईची इच्छा; सासू म्हणते डॉक्टरांनीच सांगितले. सून यात कुठे असते, हे सहसा विचारलेच जात नाही. राज्यात ०–६ वयोगटात दर हजार मुलग्यांमागे मुलींची संख्या १९९१ मध्ये ९४६ होती. ती २००१ मध्ये ९१३ आणि २०११ मध्ये ८९४ झाली.

या सिद्धांतावर आक्षेपही आहेत. ॲलन फिस्क व तगे राय यांनी २०१४ मध्ये मांडले, की पुष्कळशी हिंसा नीतिमूल्ये झोपवून नव्हे, तर ती टक्क जागी असतानाच होते. घराण्याच्या इभ्रतीसाठी मुलीचा जीव घेणारा बाप कर्तव्यच केले असे मानतो. त्याच्या मनात बंद करायला टोचणीच नसते. आक्षेप वजनदार आहे. मात्र ज्यांना लपवाछपवीची आणि खुणेच्या शब्दांची गरज भासते, त्यांना तो लागू पडत नाही. लपवण्याजोगे काही आहे, हे त्यांना ठाऊक असते. केवळ कायद्याची भीती म्हणावी, तर ती पूर्ण खुलासा करत नाही. घरातल्या घरातही तो शब्द टाळला जातो.

स्त्रीसंघटनांच्या रेट्यामुळे महाराष्ट्राने १९८८ मध्ये गर्भलिंगनिदानाविरुद्ध देशातला पहिला कायदा केला. केंद्राचा कायदा १९९४ चा. त्यातील तरतुदींनुसार गर्भवतीच्या प्रत्येक सोनोग्राफीसाठी ‘एफ फॉर्म’ भरावा लागतो आणि गर्भाचे लिंग पाहिले वा सांगितले नाही, असे डॉक्टरला स्वतःच्या सहीने लिहून द्यावे लागते. वाटून टाकलेली जबाबदारी पुन्हा एका नावावर आणणारा हा कागद आहे. साहजिकच वादही त्याच्यावरूनच झाला : किरकोळ कारकुनी चुकांसाठी डॉक्टरांना गुन्हेगार ठरवले जाते, अशी तक्रार स्त्रीरोगतज्ज्ञांच्या राष्ट्रीय संघटनेने सर्वोच्च न्यायालयात नेली. २०१९ मध्ये न्यायालयाने ती फेटाळली आणि फॉर्म अपुरा ठेवणे ही केवळ कारकुनी चूक मानता येणार नाही, असा निर्णय दिला.