भोंगा बंद झाल्यानंतरची वर्षं

ठाण्यात हायवेला लागलेल्या बसमधला कंडक्टर थांबे पुकारतो: नितीन कंपनी, कॅडबरी, गोल्डन डाईज. खोपटवरून आतल्या रस्त्याने गेलात तर कॅसल मिल. शहराबाहेरच्या माणसाला वाटावं, आपण कारखान्यांच्या रांगेतून चाललोय. खिडकीतून दिसतात ते टॉवर, उड्डाणपूल आणि मेट्रोचे खांब. कारखाने उरले ते थांब्यांच्या नावांत.

तैवानची राजधानी तैपेई, तिथल्या हुआशानला गेले तेव्हा हीच नावं डोक्यात घोळत होती. १९१४ साली सुरू झालेला हा दारूचा कारखाना आज कलेचं आवार आहे. झोंगशाओ शिनशेंग या मेट्रो स्टेशनवरून चालत पाच मिनिटं. लाल विटांची गोदामं, उंच चिमणी, भिंतींवर चढलेल्या वेली, आत प्रदर्शनं, नाटकं, एक चित्रपटगृह, गाण्यांच्या कार्यक्रमाचं सभागृह. बाहेर हिरवळीवर पोरं खेळत होती. ठाणेकर माणसाच्या मनात पहिला प्रश्न येतो तो हाच: इतक्या मोक्याच्या जागी हे पाडलं कसं नाही? उत्तर शोधायला शंभर वर्षं मागे जावं लागतं.

हुआशान या नावापासूनच सुरुवात करायला हवी. तैवान १८९५ मध्ये जपानच्या ताब्यात गेलं आणि तिथले पहिले जपानी गव्हर्नर जनरल होते काबायामा. त्यांच्या आडनावावरून या पेठेला नाव पडलं. तीच अक्षरं चिनीत वाचली की उच्चार होतो हुआशान. युद्धानंतर जपानी गेले, पहिलं अक्षर बदलून सारख्याच उच्चाराचं दुसरं घातलं गेलं आणि नाव तसंच चालत राहिलं. एका साम्राज्याच्या अधिकाऱ्याचं नाव आज तिथली तरुण पोरं चित्रांच्या, गाण्यांच्या संदर्भात घेतात. आपल्याकडेही कॅसल मिलला उतरणाऱ्या किती जणांना मिल आठवते?

कारखाना मुळात एका खासगी जपानी कंपनीचा. भातापासून बनणारी साके थंडीत आंबवावी लागते आणि तैपेईची हवा आपल्यासारखीच दमट, उष्ण. या कंपनीने यंत्राने गारवा धरून तिथेच साके काढून दाखवली. १९२२ मध्ये दारूचा व्यापार सरकारी मक्तेदारीत आला, कारखानाही सरकारी झाला, आणि १९४५ नंतर तो चिनी सरकारच्या मक्तेदारी खात्याकडे गेला. पुढची चाळीस वर्षं तिथे भाताची आणि फळांची दारू बनत राहिली. शेवटी जमिनीचे भाव वाढले, सांडपाण्याची तक्रार वाढली आणि १९८७ मध्ये उत्पादन शहराबाहेर लिंकोला हलवलं.

इथपर्यंतची गोष्ट ठाण्याची, परळची, कुठलीही असू शकते. वेगळेपण पुढच्या दहा वर्षांत आहे. जागा सरकारी, त्यामुळे उद्या सकाळी बिल्डरला विकायची सोय नव्हती. संसदेची नवी इमारत इथे बांधायचा बेत होता आणि तो रखडला. रखडलेल्या बेताने केलेलं एवढं मोठं उपकार मला दुसरं आठवत नाही. कुलूपबंद गोदामांत झाडं उगवली, छपरं गळू लागली, पण भिंती राहिल्या. १९९७ मध्ये एका नाटक मंडळीने तिथे घुसून प्रयोग केला. सरकारी मालमत्तेत बेकायदा शिरल्याबद्दल दिग्दर्शकाला पोलिसांनी पकडलं आणि त्या अटकेने शहर जागं झालं. चित्रकार, नाटकवाले, लेखक एकत्र आले, ही जागा कलेसाठी द्या म्हणून मागणी लावून धरली. १९९९ मध्ये ती मान्य झाली. पुढे दुरुस्ती झाली आणि २००७ मध्ये आवार चालवायला एका खासगी कंपनीला ठरावीक मुदतीसाठी दिलं. मालकी सरकारचीच राहिली.

आज तिथे दुकानं, कॅफे खूप झालेत. ज्यांनी जागेसाठी भांडण केलं त्यांनाच आता भाडं परवडत नाही, ही तक्रार तैपेईत जुनी आहे. तक्रार खरी आहे. तरी ती करायला भिंती उभ्या आहेत, हेही मला विसरता येत नाही.

त्याच शहरात सोंगशानचं सिगारेटींचं कारखाना-आवार आहे. १९३७ मध्ये जपान्यांनी उभारलेलं. उत्पादन १९९८ ला थांबलं, २००१ मध्ये वारसा म्हणून नोंद झाली आणि २०११ पासून ते कलेचं आवार म्हणून खुलं आहे. मला हे हुआशानपेक्षा जास्त भावलं, कारण इथे कामगाराच्या राहणीची खूण दिसते. कारखान्याबरोबर न्हाणीघर, पाळणाघर, वसतिगृह, खानावळ असं सगळं बांधलं होतं. एक लहानसं गावच. मात्र मूळ जागेचा मोठा भाग बेसबॉलच्या बंदिस्त मैदानाला गेला आणि कलेच्या वाट्याला साधारण साडेसहा हेक्टर उरलं. म्हणजे तिथेही सगळं वाचलं असं नाही.

बीजिंगच्या ७९८ ची कहाणी थोडी निराळी, पण गाभा तोच. पूर्व जर्मनीच्या मदतीने उभा राहिलेला हा इलेक्ट्रॉनिक सुट्या भागांचा सरकारी कारखाना १९५७ मध्ये सुरू झाला. ऐंशी-नव्वदच्या दशकात काम आटलं, कामगार घरी बसवले गेले, शेड रिकामे पडले. १९९५ मध्ये तिथल्या कला अकादमीच्या शिल्पकारांना मोठी शिल्पं घडवायला उंच छताची आणि स्वस्त जागा हवी होती. त्यांनी शेड भाड्याने घेतली. मागोमाग चित्रकार आले, पुस्तकांचं दुकान आलं, गॅलऱ्या आल्या. मधल्या काळात तिथे नवी इलेक्ट्रॉनिक्स वसाहत उभारून सगळं पाडायचं घाटत होतं. कलाकारांनी आरडाओरडा केला आणि २००६ मध्ये सरकारने जागेला कलाक्षेत्र म्हणून मान्यता दिली. छताच्या कमानींवर माओच्या जयजयकाराची लाल अक्षरं तशीच ठेवलीत.

या ७९८ च्या छताबद्दल जरा सविस्तर सांगायला हवं. छत करवतीच्या दातांसारखं आहे. प्रत्येक दाताची एक बाजू तिरकी आणि बंद, दुसरी उभी आणि काचेची. काच उत्तरेकडे. आपल्या गोलार्धात सूर्य बहुतेक वर्षभर दक्षिणेच्या अंगाने जातो, त्यामुळे उत्तरेच्या काचेतून ऊन जवळजवळ येत नाही, उजेड मात्र भरपूर येतो, आणि सकाळपासून संध्याकाळपर्यंत तो फारसा बदलत नाही. कापडगिरण्यांनी जगभर हे छत वापरलं. चित्रकारही स्टुडिओसाठी शतकानुशतकं उत्तरेची खिडकी मागत आलेत, त्याच कारणासाठी: रंग सकाळी एक आणि दुपारी दुसरा दिसू नये. कारखान्यात चित्रकार इतक्या सहज का रमला, याचं निम्मं उत्तर भाड्यात आहे आणि निम्मं या काचेत.

या छताचं छायाचित्र मी मोबाइलवर मामांना दाखवलं. मामांनी ठाण्यातल्या एका गिरणीत साचेखात्यात, म्हणजे कापड विणायच्या मागांवर, एकवीस वर्षं काढली, बरीचशी रात्रपाळीत. त्यांनी भिंतीवरची शिल्पं पाहिलीच नाहीत. बोटाने चित्र मोठं करून छत पाहिलं.

"उत्तरेचा उजेड आहे हा," ते म्हणाले. "दिवसपाळीत ट्यूब लावावीच लागायची नाही. साच्यावर स्वतःची सावली पडली की तुटलेला धागा दिसत नाही गं. धोटा चालूच राहतो आणि वीतभर कापड फुकट."

आता ठाण्याकडे येऊ. इथला कारखानदारीचा काळ लांबलचक आहे. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून पहिली गाडी ठाण्यातच आली. रेमंडची लोकरी गिरणी १९२५ पासूनची, १९४४ मध्ये ती सिंघानियांकडे आली, आणि तिच्याभोवती जे. के. ग्राम वसलं. १९६२ मध्ये एमआयडीसी, म्हणजे राज्य सरकारचं औद्योगिक विकास महामंडळ, स्थापन झाली तेव्हा वागळे इस्टेट हे तिचं सुरुवातीचं क्षेत्र होतं. खाडीपलीकडे दिघ्यापासून तुर्भे-नेरूळपर्यंत ठाणे-बेलापूर पट्टा उभा राहिला. सातारा, सांगली, रत्नागिरीहून माणसं आली, किसननगर, लोकमान्यनगर भरलं. ठाण्याच्या मध्यमवर्गाची निम्मी घरं या पगारांवर उभी आहेत असं म्हटलं तर अतिशयोक्ती होणार नाही.

मग ते आवरत गेलं. रेमंडचं ठाण्यातलं उत्पादन २००९ मध्ये थांबलं आणि २०१९ मध्ये त्याच आवारात कंपनीने घरबांधणी सुरू केली. कोलशेतच्या रसायन कंपन्यांच्या जागीही गृहसंकुलं आली. इथे जमीन खासगी मालकीची. औद्योगिक पट्ट्याचं निवासी पट्ट्यात रूपांतर करता येतं. त्यासाठी कामगारांची देणी चुकवल्याचा, म्हणजे कामगार आयुक्तांचा ना हरकत दाखला लागतो आणि काही टक्के जागा सुविधा भूखंड म्हणून सोडावी लागते. ही दोन कामं उरकली की शेड पाडायला महिना पुरतो. तैपेईला रिकामी दहा वर्षं मिळाली. आपल्याकडे जमिनीचा भाव इतका की कुलूप गंजायलाही वेळ मिळत नाही.

मुंबईत हेच आणखी मोठ्या प्रमाणावर झालं. १८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख गिरणी कामगार बाहेर पडले, आणि बऱ्याच गिरण्यांचे भोंगे पुन्हा वाजलेच नाहीत. १९९१ च्या नियमाने गिरणीची जमीन तीन वाट्यांत विभागायची होती: एक मोकळ्या जागेसाठी, एक म्हाडाच्या घरांसाठी, एक मालकाला. २००१ मध्ये नियम बदलला आणि वाटणी फक्त आधीपासून मोकळ्या असलेल्या जमिनीपुरती उरली. शेड उभी असलेली जमीन वाटणीतून सुटली. म्हणजे शेड पाडणं मालकाच्या आणखी फायद्याचं ठरलं. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो बदल मान्य केला. फिनिक्स मिलची चिमणी मॉलच्या आवारात उभी आहे, तेवढी खूण.

आपल्या देशात हे जमतच नाही असं मात्र नाही. फोर्ट कोचीचं ॲस्पिनवॉल हाउस हे एकोणिसाव्या शतकातल्या व्यापारी कंपनीचं गोदामांचं आवार. १२ डिसेंबर २०१२ ला पहिलं कोची-मुझिरिस बिएनाले, म्हणजे दर दोन वर्षांनी भरवायचं कलाप्रदर्शन, तिथे उघडलं. मुंबईत २०१७ मध्ये ससून डॉकच्या गोदामात कलाप्रदर्शन भरलं आणि कोळणींच्या रोजच्या कामाच्या जागेत लोक चित्रं पाहायला आले. दोन्हीकडे जागा थोडी मोकळी होती आणि कुणीतरी दार उघडलं.

म्हणून मला वागळे इस्टेटकडे लक्ष द्यावंसं वाटतं. तिथली आणि खाडीपलीकडच्या पट्ट्यातली जमीन एमआयडीसीची. उद्योजकाला ती ९५ वर्षांच्या भाडेपट्ट्यावर मिळते. साठच्या दशकात दिलेला पट्टा २०५५ नंतर कधीतरी संपतो. तोवर जागेचा वापर काय असावा, यात महामंडळाचा शब्द चालतो. त्याच शब्दावर गेल्या वीस-पंचवीस वर्षांत तिथे आयटी पार्क आले. तैपेईला जी अट लाभली, जमीन सार्वजनिक हातात असण्याची, ती ठाण्यात असलीच तर इथे आहे. एखादं शेड नाटकाच्या तालमीला, एखादं चित्रकारांना, एखादं साचे आणि लेथ मांडून जुन्या कामगारांना दाखवायला द्या, एवढी मागणी करायला नाटकवाल्यांनी घुसखोरी करून अटक ओढवून घ्यायची वाट कशाला पाहायची?

मागच्या रविवारी मामांना घेऊन तिकडे एक चक्कर मारली. रविवार असल्यामुळे रस्ते रिकामे, ट्रक कडेला लावलेले, चहाची एक टपरी उघडी. आतल्या एका रस्त्यावर बंद फाटकामागे करवती छपराचं एक शेड दिसलं. सहा दात. दोनातल्या काचा फुटलेल्या, एकातून पिंपळ बाहेर आलेला. फाटकावरची पाटी पुसट होऊन गेली होती, मी ती वाचायचा प्रयत्न करत होते. मामा पाटीकडे न बघता रस्ता ओलांडून पलीकडे गेले, मान वर करून उभे राहिले आणि मुलुंडची बाजू, येऊरचा डोंगर बघून दिशांचा अंदाज घेतला.

"बरोबर लावलंय," ते तिथूनच म्हणाले. "काच उत्तरेलाच आहे."