नव्वद टक्के स्पॅनिश, तरी इंग्रजी पक्कं

शाळेचा दिवस सहा तासांचा. त्यातले जवळजवळ साडेपाच तास स्पॅनिशमध्ये गेले, तर इंग्रजीला उरलं काय? अमेरिकेत द्विभाषिक शाळेत मूल घालायचा विचार करणारे आईवडील पहिल्यांदा हाच प्रश्न विचारतात. घरी स्पॅनिश बोलणारेही विचारतात आणि इंग्रजी बोलणारेही. हिशेब बिनतोड वाटतो, पण प्रत्यक्षात तो चुकतो. का चुकतो, हे फार सुंदर आहे.

आधी या शाळांविषयी थोडं. क्युबातल्या क्रांतीनंतर हजारो कुटुंबं फ्लोरिडात आली, आणि १९६३ साली मायामीच्या कोरल वे प्राथमिक शाळेत एक धाडसी प्रयोग सुरू झाला. स्पॅनिश आणि इंग्रजी घरांतली मुलं एकाच शाळेत घ्यायची आणि दोघांनाही दोन्ही भाषांतून शिकवायचं. १९९१ मध्ये मिनेसोटाने चार्टर शाळांचा कायदा केला. चार्टर शाळा म्हणजे सरकारी पैशावर चालणारी, फी नसलेली, पण स्वतःच्या मंडळाने चालवलेली शाळा. त्यानंतर अनेक वस्त्यांनी आपापल्या द्विभाषिक शाळा उभ्या केल्या. वॉशिंग्टनमधली एल्सी व्हिटलो स्टोक्स कम्युनिटी फ्रीडम शाळा १९९८ची. तिथे इंग्रजीच्या जोडीला स्पॅनिश किंवा फ्रेंच असते. कॅलिफोर्नियातल्या सांता आना शहरातली एल सोल २००१ची. काही शाळा पहिल्यापासून निम्मा-निम्मा वेळ देतात. काही बालवर्गात ९० टक्के स्पॅनिशने सुरुवात करतात आणि दरवर्षी इंग्रजी वाढवत चौथी-पाचवीपर्यंत बरोबरीला येतात. आपल्याकडच्या सेमी-इंग्रजीत विषय वाटलेले असतात आणि वर्गातल्या बहुतेकांची घरची भाषा साधारण एकच असते. इथे वर्गच दोन भाषांच्या मुलांचा असतो. सकाळी ज्याला काही कळत नाही, तो दुपारी शेजारच्याला समजावून सांगत असतो.

आता मूळ प्रश्न. अशा शाळांची मुलं चांगलं वाचतात एवढ्याने काही सिद्ध होत नाही, कारण जागरूक पालकच मुलांना तिथे घालत असतील. यातून वाट काढली सोडतीने. अर्ज जास्त आणि जागा कमी असल्या की चिठ्ठ्या टाकतात. चिठ्ठी निघालेली आणि न निघालेली, दोन्ही मुलं सारख्याच हौशी घरांतली. ऑरेगन राज्यातल्या पोर्टलंड शहराच्या सरकारी शाळांत संशोधकांनी अशाच मुलांची तुलना केली आणि २०१७ मध्ये निष्कर्ष छापले. द्विभाषिक वर्गातली मुलं पाचवीत इंग्रजी वाचनात साधारण ७ महिने पुढे होती, आठवीत ९ महिने. गणित-विज्ञानात फरक दिसला नाही, म्हणजे दुसऱ्या भाषेतून शिकूनही नुकसान नाही. कमी वेळ मिळालेली इंग्रजी पुढे गेली कशी?

पहिलं कारण स्पेलिंगमध्ये आहे. स्पॅनिशमध्ये पाचच स्वर, आणि बहुतेक अक्षरांचा उच्चार ठरलेला. आपल्यालाही याची सवय आहे. ‘चार’ आणि ‘चारा’ यांतल्या ‘च’सारखे अपवाद सोडले, तर मराठी दिसते तशी वाचता येते. इंग्रजी तशी नाही. २००३ साली युरोपातल्या १३ भाषांमधल्या पहिलीच्या मुलांची तुलना झाली. ओळखीचे शब्द स्पॅनिश मुलं सुमारे ९५ टक्के बरोबर वाचत होती, तर इंग्रजीत शिकणारी स्कॉटलंडची मुलं अवघे ३४ टक्के. अक्षरांमागे आवाज असतो, आवाज जोडले की शब्द होतो, हा साक्षात्कार माणसाला एकदाच व्हावा लागतो. तो स्पॅनिशमध्ये लवकर होतो आणि मूल तो घेऊनच इंग्रजीकडे येतं. कॅनडातले अभ्यासक जिम कमिन्स यांनी म्हटलं तसं, वरून दोन भाषा वेगळ्या दिसल्या तरी खाली विचारांची, आकलनाची बैठक एकच असते.

दुसरं कारण मला सगळ्यांत आवडतं. इंग्रजीतले घरगुती शब्द जर्मानिक कुळातले आणि पुस्तकी शब्द मोठ्या प्रमाणात लॅटिन. स्पॅनिश मात्र लॅटिनचीच लेक, त्यामुळे तिचे घरगुती शब्दच लॅटिन वळणाचे. चंद्र म्हणजे ‘लूना’, सूर्य ‘सोल’, दात ‘दिएन्ते’, पाणी ‘आग्वा’. पुढे विज्ञानाच्या पुस्तकात ‘लूनर’, ‘सोलर’, ‘डेंटल’, ‘अ‍ॅक्वाटिक’ येतात, तेव्हा इंग्रजी घरातल्या मुलासाठी ते जड असतात. स्पॅनिश घरातल्या मुलाला त्यात आजीच्या बोलण्यातले शब्द सापडतात. मराठी माणसाला बंगाली मजकुरात ‘विज्ञान’, ‘आकाश’ भेटावेत, तसंच हे. पण ही नाती मुलांना आपोआप दिसत नाहीत. बाईंना ती फळ्यावर मांडून दाखवावी लागतात आणि फसवे सोबतीही सांगावे लागतात. स्पॅनिश ‘एक्सितो’ इंग्रजी ‘एक्झिट’सारखा दिसतो, पण त्याचा बाहेरच्या दाराशी संबंध नाही. त्याचा अर्थ यश.

दोन भाषांमुळे मेंदू जास्त तल्लख होतो, हा दावा जाहिरातींत फार दिसतो. तो मी करणार नाही. २०१९ मध्ये ९-१० वर्षांच्या ४,५०० हून अधिक अमेरिकन मुलांच्या पाहणीत लक्ष आणि मनोनियंत्रणाच्या चाचण्यांत द्विभाषिकांचा असा फायदा आढळला नाही. दोन भाषा नीट लिहिता-वाचता येणं हेच पुरेसं मोठं फळ आहे.

ते पिकायला मात्र वेळ लागतो. गप्पांची भाषा दोनेक वर्षांत येते, पुस्तकी भाषेला पाच ते सात वर्षं लागतात, हेही कमिन्स यांचंच निरीक्षण. ९० टक्क्यांच्या शाळांतली मुलं दुसरी-तिसरीत इंग्रजी परीक्षेत बऱ्याचदा मागे दिसतात. घाबरलेले पालक तेव्हाच मूल काढून घेतात आणि मिळायच्या वेळी फळ हातचं जातं. कॅलिफोर्नियाने तर १९९८ मध्ये मतदान घेऊन द्विभाषिक शिक्षणावर कडक बंधनं घातली. ती उठायला २०१६ उजाडलं.

खरी काळजी वाटते ती स्पॅनिशची. इंग्रजी टीव्हीवर आहे, दुकानात आहे, खेळाच्या मैदानावर आहे. दोन्ही घरांतली मुलं मोठ्या सुट्टीत एकमेकांशी बहुधा इंग्रजीतच बोलतात, स्पॅनिशच्या तासालासुद्धा कुजबुज इंग्रजीत होते. म्हणून तर सुरुवातीचे ते ९० टक्के. न्यू जर्सी किंवा कॅलिफोर्नियातली मराठी घरं हे चांगलं जाणतात. आई मराठीत विचारते, मूल इंग्रजीत उत्तर देतं, आणि रविवारच्या मराठी शाळेचे तास आठवड्याला जेमतेम एक-दोन. स्पॅनिश शाळांत ‘पाण्याची वाफ का होते’ हेही त्याच भाषेत शिकवतात, आणि मुलाने इंग्रजीत विचारलं तरी बाई शांतपणे स्पॅनिशमध्येच उत्तर देतात.