क्रॅनबेरी आणि बेअरबेरी: एकीचं फळ, दुसरीचं पान

नावं जुळती, वनस्पतीचं कूळ एकच आणि लघवीच्या तक्रारींवरच्या कॅप्सूलच्या डबीवर कधी कधी दोघी शेजारी छापलेल्या. साहजिकच एकीच्या जागी दुसरी चालेल असं वाटतं. चालत नाही.

क्रॅनबेरीचं फळ घेतात ते संसर्ग पुन्हा होऊ नये म्हणून. फळातल्या आम्लानं जंतू मरतात, ही जुनी समजूत. आता भर आहे तो त्यातल्या ए-प्रकारच्या प्रोअँथोसायनिडिन या नैसर्गिक घटकावर. लघवीचे बहुतेक संसर्ग ई. कोलायमुळे होतात. हा जंतू बारीक तंतूंनी मूत्राशयाच्या अस्तराला चिकटतो. क्रॅनबेरी त्याला मारत नाही, फक्त पकड बसू देत नाही. मग तो लघवीबरोबर वाहून जातो. त्यामुळे जळजळ सुरू झाल्यावर पेल्यामागून पेला रस पिऊन फायदा होतो, याला भक्कम पुरावा नाही.

प्रतिबंधाबाबत मात्र निष्कर्ष चक्क फिरला. वैद्यकीय अभ्यास एकत्र करून तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या २०१२च्या आढाव्यात २४ अभ्यासांतून फारसं काही हाती लागलं नव्हतं. २०२३मध्ये ५० अभ्यास आणि ८,८५७ माणसं जमेस धरली, तेव्हा वारंवार संसर्ग होणाऱ्या स्त्रियांमध्ये धोका सुमारे २६ टक्क्यांनी, मुलांमध्ये ५४ टक्क्यांनी कमी दिसला. गरोदर स्त्रिया आणि वृद्धाश्रमांतली मंडळी यांना फायदा दिसला नाही. वॉरफरिन हे रक्त पातळ करणारं औषध घेणाऱ्यांनी आधी डॉक्टरांना विचारावं.

बेअरबेरीचं, म्हणजे उवा उर्सीचं, पान वापरतात. (लॅटिन नावाचा अर्थ ‘अस्वलाचं द्राक्ष’, आणि शास्त्रीय नावात त्याच्या आधी येणाऱ्या ‘आर्क्टोस्टॅफिलॉस’ या ग्रीक शब्दाचाही तोच!) पानातल्या अर्ब्यूटिनपासून शरीरात हायड्रोक्विनोन तयार होतं आणि लघवीत उतरून ते जंतूंवर थेट हल्ला करतं. म्हणजे हा झालेल्या दुखण्यावरचा उपाय. पण हायड्रोक्विनोन निरुपद्रवी नव्हे. म्हणून युरोपीय औषध संस्था आठवड्याहून जास्त दिवस घेऊ नका म्हणते. गरोदरपणात आणि अठरा वर्षांखाली तर नकोच.

परंपरा जुनी, चाचण्या मात्र थोड्या. ब्रिटनमधल्या एका चाचणीत उवा उर्सीनं त्रास कमी झाल्याचं दिसलं नाही. जर्मनीतल्या चाचणीत ती आधी दिलेल्या स्त्रियांना अँटिबायोटिक बरंच कमी लागलं, पण त्यांचा त्रास जास्त राहिला आणि मूत्रपिंडापर्यंत संसर्ग गेलेल्या त्यांच्यात ८ होत्या, आधीच अँटिबायोटिक दिलेल्या गटात २. आकडे लहान आहेत, तरी मला ते खटकतात. लघवीच्या जळजळीसोबत ताप, हुडहुडी किंवा कुशीत दुखणं असेल, तर डबी बाजूला ठेवून त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावं.