लाखाच्या आतली गावं आणि एफएमची पोकळी

पनवेल सोडून मुंबई-गोवा महामार्गाने दक्षिणेला निघालं की मुंबईची खासगी एफएम स्टेशनं एकेक करून खरखरायला लागतात. सावंतवाडीच्या पुढे बांद्याकडे उतरताना मग पणजीची ऐकू येऊ लागतात. मधला सगळा पट्टा आकाशवाणीचाच.

पोकळी जुनीच आहे. 1952 नंतर माहिती व नभोवाणी मंत्री बी. व्ही. केसकरांच्या काळात आकाशवाणीने हिंदी चित्रपटगीतं जवळपास बंद केली, तेव्हा श्रोते रेडिओ सिलोनच्या लघुलहरींकडे वळले. त्यावरचा उतारा म्हणून 3 ऑक्टोबर 1957 ला विविध भारती आली. रत्नागिरी केंद्र 1143 किलोहर्ट्झवर बोलायचं. या मध्यम लहरी जमिनीलगत वाकत जातात, दऱ्याखोऱ्यांना फारशा अडत नाहीत. एफएम मात्र जवळपास सरळ रेषेत चालतं. सड्यावर, म्हणजे कातळाच्या उघड्या पठारावर, मनोरा उभा केला तर लांबची गावं मिळतात, पण सड्याच्या कडेखालची वाडी सावलीत राहते.

खासगी एफएम अडलं ते मात्र मोजपट्टीमुळे. 2005 मध्ये खासगी एफएम परवान्यांच्या दुसऱ्या टप्प्यात शहरांची प्रतवारी लोकसंख्येवर झाली, सगळ्यात खालचा ‘ड’ गट एक ते तीन लाखांचा. 2011 च्या धोरणानेही लाखाचाच उंबरठा धरला. त्याच वर्षीच्या जनगणनेत रत्नागिरी शहर सुमारे 76 हजार, चिपळूण 55 हजार. जिल्हा मात्र 16 लाखांवर! कोकणी माणूस वाड्यांमधून विखुरलेला, त्यामुळे शहर मोजलं की श्रोता हिशेबातूनच गळतो.

परवाना मिळाला असता तरी नाट्यसंगीत किंवा भजन वाजलं असतं, असं नाही. एकाच जाहिरात-बाजारातलं पहिलं स्टेशन नवी हिंदी गाणीच लावतं, कारण स्थानिक सोनार, शोरूमवाले त्याच श्रोत्याचे पैसे देतात. वेगळा फॉरमॅट परवडतो तो दुसऱ्या-तिसऱ्या स्टेशनला. पणजीत रेडिओ इंडिगो या खासगी स्टेशनला 91.9 वर इंग्रजी गाणी लावता आली, ती शेजारी हिंदीवाले होते म्हणून.

उरतं सामुदायिक रेडिओ, म्हणजे स्थानिक लोकांसाठी चालवलेलं छोटं, बिननफ्याचं स्टेशन. 2006 च्या नियमांनी संस्थांना दार उघडलं: 100 वॅट प्रभावी प्रक्षेपण शक्ती, साधारण 30 मीटरपर्यंतचा मनोरा. सपाटीवर दहाएक किलोमीटर मिळतात. कोकणात जागा ठरवण्याआधी तिथे तात्पुरता प्रक्षेपक लावून, हातात रेडिओ घेऊन प्रत्येक खोऱ्यात उतरून ऐकावं लागतं. नकाशावरचं वर्तुळ इथे खोटं ठरतं.