मागे ठेवलेले खांब

गोव्यात कोळसा सापडत नाही, पण वास्कोत राहणाऱ्याला तो ओळखावाच लागतो. मुरगाव बंदरात जहाजातून उतरून रेल्वेने कर्नाटकातल्या पोलाद कारखान्यांकडे निघालेल्या मालाची पूड खिडकीच्या कठड्यावर बोट फिरवलं की हाताला लागते. तरी 'खाण' म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे येतात ते डिचोली-सांगेकडचे लोहखनिजाचे उघडे पीट. वरची माती डंपवर टाकायची आणि पायऱ्या पाडत खाली उतरायचं. छपराची भानगडच नाही. जमिनीखालच्या कोळसा खाणीत सगळी भानगड छपराची असते. शिवाय ते छप्पर ज्या खांबांवर उभं असतं, ते खांबही कोळशाचेच!

या पद्धतीला 'बोर्ड अँड पिलर' म्हणतात. कोळशाच्या थरात एकमेकींना छेदणाऱ्या गॅलऱ्या, म्हणजे बोगदे, खणत जायचं आणि मध्ये चौकोनी खांब सोडायचे. ४.८ मीटर ही भारतीय नियमांतली गॅलरीची कमाल रुंदी आणि खांबांच्या मध्यबिंदूंमधलं अंतर ३० मीटर धरलं, तर पहिल्या फेरीत जेमतेम २९ टक्के कोळसा हाती येतो. बाकीचा ७१ टक्के खांबांत अडकलेला. हा खांबांतला माल परत फिरताना काढून घेण्याला 'डिपिलरिंग' म्हणतात. अमेरिकेतले खाणकामगार मात्र आडपडदा न ठेवता त्याला खांब 'लुटणं' म्हणत आले.

अठराव्या शतकात इंग्लंडच्या ईशान्य भागातल्या खाणवाल्यांना सोडलेल्या खांबांकडे वळणं सहसा परवडत नसे. खांब बारीक असले की वरच्या दाबाने ते तळात रुतत, तळ फुगून वर येई आणि गॅलऱ्या बुजत. याला ते 'क्रीप' म्हणत, आणि क्रीप एकदा सुरू झाला की खाणभर पसरत जाई. १८१० च्या सुमारास वॉल्सएंड खाणीत जॉन बडल या खाण-व्यवस्थापकाने खाणीचे वेगवेगळे विभाग पाडले आणि दोन विभागांमध्ये कोळशाची जाड भिंत राखली. एका विभागात खांब काढताना पडझड झाली, तर ती तिथेच थांबावी हा हेतू. आजचं 'पॅनल' ते हेच.

दुसरा अडथळा कोळशातून सुटणाऱ्या, पेट घेणाऱ्या वायूचा. १८१२ मध्ये त्याच भागातल्या फेलिंग खाणीत स्फोट होऊन ९२ जण दगावले. १८१५ मध्ये सुरक्षा-दिवा, म्हणजे ज्योतीने बाहेरचा वायू पेटू न देणारा दिवा, आला आणि वायूमुळे सोडून दिलेल्या जुन्या भागांत शिरून खांब काढणं शक्य झालं. म्हणजे जीव वाचवायला आणलेला दिवा माणसांना अधिक धोक्याच्या जागी घेऊन गेला, हेही नोंदवायला हवं.

भारतात राणीगंजला कोळसा काढण्याचा परवाना १७७४ मध्येच दिला गेला होता. पुढे झरियासह बहुतेक कोळसा खाणी १९७१–७३ च्या राष्ट्रीयीकरणापर्यंत खासगी मालकांकडे राहिल्या आणि खांब किती, कधी काढायचे यात शिस्तीपेक्षा सोय जास्त होती. झरियातल्या आगीची पहिली नोंद १९१६ ची. १९३९ मध्ये 'स्टोइंग'साठी कायदा झाला. स्टोइंग म्हणजे पाण्याबरोबर नळातून वाळू सोडून रिकामी झालेली पोकळी भरणं. वर गाव, नदी किंवा रेल्वे असेल तर हा उपाय चांगला, पण वाळू मिळायला हवी आणि खर्च झेपायला हवा.

वाळू नसेल तर छप्पर मुद्दाम पाडायचं, आणि खरं कसब इथेच लागतं. पॅनलच्या टोकापासून सुरुवात करून मागे मागे यायचं. खांब मधून चिरायचा, मग त्याचे काप घ्यायचे. पडलेल्या भागाच्या, म्हणजे 'गोफ'च्या बाजूला कोळशाची पातळ पट्टी राखायची. काप संपला की टेकू काढून घ्यायचे आणि छप्पर बसू द्यायचं. ते बसलं तर उत्तम. न बसता लोंबकळत राहिलं, की त्याचा भार पुढच्या खांबांवर चढत जातो, आणि मग मोठा भाग एकदम कोसळला की कोंडलेल्या हवेचा झोत गॅलऱ्यांतून सुटतो. सालाच्या लाकडाचे टेकू मोडण्याआधी करकरतात. जुन्या कामगारांचा भरवसा त्या आवाजावर.

खांबाची ताकद कागदावर मांडायची गरज एका मोठ्या दुर्घटनेने पटवली. २१ जानेवारी १९६० रोजी दक्षिण आफ्रिकेतल्या कोलब्रुक खाणीत खांब एकामागून एक ढासळले आणि सव्वाचारशेहून अधिक कामगार आत गाडले गेले. तिथे छताकडचा कोळसाही काढून घेतला होता; त्यामुळे खांब तेवढेच रुंद राहिले, पण उंच झाले. सॅलामन आणि मन्रो या संशोधकांनी पुढे टिकलेल्या ९८ आणि ढासळलेल्या २७ ठिकाणांचा हिशेब मांडून १९६७ मध्ये सूत्र दिलं. रुंदी वाढली की खांबाची ताकद वाढते, पण उंचीचा फटका त्याहून जबर: त्यांच्या सूत्रानुसार उंची दुप्पट केली तर ताकद सुमारे ३७ टक्क्यांनी घटते. मोठ्या माणसाच्या खुर्चीचे पाय लांब केले की ती डुगडुगते, हे सुताराला सूत्राविना ठाऊक असतं. पण सुतार एका वेळी एकच खुर्ची करतो. इथे एक खांब गेला की त्याचा भार शेजाऱ्यावर, मग त्याच्या शेजाऱ्यावर.

सूत्रं आली म्हणून प्रश्न मिटला नाही. ६ ऑगस्ट २००७ रोजी अमेरिकेतल्या युटा राज्यातल्या क्रँडल कॅन्यन खाणीत, खांब काढत मागे येत असतानाच, उरलेले खांब फुटले. सहा कामगार आत अडकले. दहा दिवसांनी त्यांच्याकडे वाट काढताना बचाव पथकातले तिघे दगावले.

आपल्याकडे छत्तीसगडमधल्या चिरीमिरी गावाच्या अंजनहिल खाणीत २००२ मध्ये कंटिन्युअस मायनर, म्हणजे कोळसा सलग कापत जाणारं यंत्र, आलं. ते जिथे चालतं तिथे काप तेच घेतं, आणि ते रिमोटवर चालवणारा माणूस रूफ बोल्ट, म्हणजे छत आवळून धरणारे लोखंडी दांडे, ठोकलेल्या छताखाली, मागे उभा राहतो.